पिरोत ते पर्थ, मध्ये स्तोयांकाची बादली

चि. तिहोमिर यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट. तुझी प्रकृती विचारायला जीभ रेटत नाही, कारण उद्या सकाळी तिकडे पर्थला तुझी छाती उघडणार, आणि मी अजून बेलग्रेडच्या विमानतळावर येरझाऱ्या घालतोय. तुला भूल देण्याआधी पोचायचं, एवढंच मनात होतं. तेही हुकलं.

पहिला दोष त्या इंटरनेटचा. बेलग्रेड ते पर्थ किती, विचारलं, तर म्हणे जेमतेम तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. मी खूश! (आपल्या पिरोतहून बेलग्रेड गाठायलाच बसला पाच तास लागतात, तेही ड्रायव्हरला वाटेत भूक लागली नाही तर.) मग तिकीटवाल्या बाईने सांगितलं, आजोबा, हा हिशेब सरळ रेघेचा आहे, आणि त्या रेघेवरून एकही विमान जात नाही. मध्ये दुबईला उतरायचं, तिथे ताटकळायचं, मग पुढे. वर तुमचं घड्याळ आमच्या पुढे, म्हणजे मी हवेत असताना माझे सहा तास कुणीतरी परस्पर लांबवणार. (परतताना ते मिळतात म्हणे. परतताना घेऊन काय चाटायचेत? मला जातानाच हवेत!)

तरी काल वेळेत निघालो होतो रे. पण शेजारची स्तोयांका! निघालेल्या माणसामागे पाणी ओतायचं, म्हणजे वाट सुरळीत वाहते, हे काय आपल्याला नवीन नाही. पण लोक पेलाभर ओततात. ही म्हणाली, "एवढ्या लांब जायचं, पेल्याने काय होतंय, वितोमिर?" आणि अख्खी बादली! विजार, बूट, सगळं चिंब. बूट बदलायला आत शिरलो, तर तुझ्या वहिनीने कपाळावर हात मारला. "झालं! उंबऱ्यावरून माघारी फिरलात! आता बसा, कॉफी प्या, आणि नव्याने निघा. त्याच्या ऑपरेशनला अपशकुन नको." तुझं नाव घेतल्यावर माझी काय टाप? बसलो. जीभ पोळेपर्यंत गरम कॉफी ढोसली. बाहेर आलो, तर स्तोयांका दुसरी बादली घेऊन हजर, कारण पहिली म्हणे बाद झाली! मी पळालो. एकाहत्तर वर्षांचा माणूस बादलीला भिऊन पळताना सगळ्या गल्लीने पाहिला. बस गेली, आणि बसपायी विमानही.

आता आज दुपारचं मिळालंय. मधेच उठून फलक बघून आलो, अजून तेच. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "अहो, बसा की, बघून काय लवकर येणार आहे का?" तिचं बरोबर आहे. पण तिहोमिर, मला भीती वाटतेय. म्हणून हे पत्र लिहीत बसलोय.

डॉक्टरांशी हुज्जत घालू नकोस. निदान मी येईपर्यंत तरी.

तुझा दादा,
वितोमिर

ता. क. आपलं पिरोतचं सॉसेज आणत नाहीये. तिकडे मांस नेऊ देत नाहीत. मात्र माझ्या कोटाच्या अस्तराला त्याचाच वास येतोय आणि तुझी वहिनी निरोप देताना फार गोड बोलत होती.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालात टाकत नाही. खिशातून आणून तुझ्या उशाशी ठेवणार आहे. म्हणजे तू हे वाचतोयस, तर तू शुद्धीवर आलायस आणि मी पोचलोय. आता कागद खाली कर आणि माझ्याकडे बघ. डोळे लाल दिसले, तर विमानात झोप झाली नाही असं समज.