तुझ्या अक्षरातले माझे संकल्प

प्रिय शंकासुर,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, पण तुला पत्र लिहायचं तर दुसरा शब्द मला येत नाही. फोन करणार नाही असं ठरवलंय, कारण तू 'ताई' म्हणालास की मी विरघळते, आणि सध्या मला विरघळायचं नाहीये. मेल केली तर पहिल्या चार ओळी वाचून तू ती बाजूला टाकशील, नकोशा मेलचं तू काय करतोस ते मी आठ वर्षं शेजारच्या टेबलावरून पाहिलंय. म्हणून कागद. तुझ्या नव्या ऑफिसच्या पत्त्यावर, माणसाबरोबर, उद्याच तुझ्याच हातात मिळेल असा. सगळं वाच, कामाचं शेवटी आहे.

आज एकोणतीस डिसेंबर. या दिवशी दुपारी आपण ऑफिसचं दार आतून लावून एकमेकांचे संकल्प लिहायला बसायचो. माणूस स्वतःचे संकल्प लिहायला लागला की स्वतःलाच गंडवतो, म्हणून माझे तू लिहायचे आणि तुझे मी, ही टूम तुझीच. तेव्हा आपला सॉफ्टवेअरचा धंदा म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि खालून येणारी शिलाई यंत्राची खडखड. एक तारखेला सकाळी दहाला कॉफी करून पाकिटं फोडायची आणि मोठ्यानं वाचायची. ग्राहकासमोर 'हे होणारच नाही' म्हणण्याआधी मनात दहापर्यंत मोज, असं मी तुला ओळीनं पाच वर्षं लिहिलं. तू कधी तीनच्या पुढे गेला नाहीस. एकदा मी लिहिलं होतं की दाढी ठेव नाहीतर काढ, अधेमधे लटकू नकोस. तू मला लिहायचास की रविवारी ग्राहकांचे फोन घेऊ नकोस, आणि मी तो कागद वाचून होतो न होतो तोच कुणाचा तरी फोन घ्यायचे. फेब्रुवारीपर्यंत दोन्ही याद्या कपाटामागे पडलेल्या असायच्या. दिवाणखान्यात पाहुण्यांना सांगायला गंमत होती ती, धंदा चालवायला नव्हे.

सरत्या वर्षी मात्र मी गंभीर झाले. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा दाखवून मला भरपूर झापलं होतं, आणि तुझी यादी वाचून माझे डोळे भरून आले होते. इतक्या मायेनं माझ्यासाठी कुणी कधी काही लिहिलं नव्हतं. चारच संकल्प होते. आपल्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाशी, त्या औषधगोदामाच्या मालकांशी, रोज स्वतः बोलू नकोस, ते माझ्यावर सोड. डोक्यात जे जे साठवून ठेवलंयस ते एकदा कागदावर उतरव. वर्षातून दोन आठवडे लॅपटॉप न घेता आईकडे जाऊन राहा. आणि चौथा, की मी तपासलेलं पुन्हा तपासत बसू नकोस, माझ्यावर विश्वास ठेव.

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळे संकल्प पाळले रे. चारही.

मालकांचा फोन आला की मी तुझ्याकडे द्यायला लागले. सुरुवातीला ते कुरकुरले, मग त्यांना तुझी सवय झाली. एप्रिलपासून मी रोज सकाळी तासभर बसून त्यांच्या सगळ्या कामाची टिपणं लिहायला घेतली. बर्फखोलीतला कुठला तापमापक खोटं बोलतो, कुठला अहवाल कुणाला छापूनच लागतो, गोदामातल्या काकूंना पडद्यावरची अक्षरं किती मोठी लागतात. एकशे बारा पानं झाली. तू ती रात्रीतून वाचलीस आणि म्हणालास की ताई, आता तू उद्या गेलीस तरी कुणाचं काही अडणार नाही. मी खो खो हसले. जाणारा तू होतास, हे मला कुठे माहीत.

मग नोव्हेंबरात आईचा गुडघा बदलायचा होता. तिसरा संकल्प आयताच पाळला जाणार, म्हणून तू मला जवळजवळ ढकललंसच. लॅपटॉप स्वतः काढून कपाटात ठेवलास. तुझी आईही बहिणीच्या मदतीला आली होती. चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो, आणि मावशी सहज म्हणाली की नव्या ऑफिसात उजेड फार छान येतो गं, फक्त जिना जरा चढा आहे, तू कधीपासून बसणार तिथे? तिला वाटत होतं, ते आपल्या दोघांचं आहे. तू तिला नेऊन दाखवलंस, तिनं तिथे नारळ नाही फोडला इतकंच, आणि मला पत्ता नाही. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. समोर तुझी आई, मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बघत. मी म्हटलं, जानेवारीत जाईन, आईचं पाऊल नीट पडायला लागलं की.

मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. तू केसानं माझा गळा कापलास आणि मी तुझ्याच आईसमोर तुझी बाजू सावरून धरली. आणि ती अजून मला विचारते की उजेड आवडला का.

सोमवारी परत आले तर तुझं टेबल रिकामं, मालकांचं पत्र येऊन पडलेलं, की यापुढे ते तुझ्याशी करार करतायत. तू खुर्चीत न बसता उभ्या उभ्या म्हणालास की सांगणारच होतो. अरे, कधी? मी तुझ्या मुंजीत, नाही, मुंज काय घेऊन बसले, तू पाचवीत होतास तेव्हापासून तुझ्या चुका मी मावशीपर्यंत पोचू दिल्या नाहीत. तुला वेगळं व्हायचं होतं तर समोर बसून भांडायचंस. मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या ऑफिसला पडदे शिवून आणले असते.

गेला दीड महिना मी एकाच प्रश्नाभोवती फिरतेय. ती यादी लिहिताना तुला माहीत होतं का? माझी काळजी म्हणून लिहिलीस आणि नंतर वाट सापडली, की वाट आधी आखलीस आणि मग त्यावर माया पसरलीस? कागद समोर ठेवून बघते. तुझं अक्षर तसंच आहे, डावीकडे कललेलं. त्यातून काही कळत नाही. उत्तर देऊ नकोस. तू काहीही म्हणालास तरी मी ते पुन्हा तपासणार, आणि तुझा चौथा संकल्प आता मोडलाय.

आता कामाचं. एकशे बारा पानांत एक गोष्ट नाहीये. मुद्दाम लपवली नाही, ती मला कधी 'माहिती' वाटलीच नाही, सवय वाटली. वर्ष बदललं की गोदामाची प्रणाली खोक्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजायला लागते. गेल्या जानेवारीचं पहिलं खोकं आणि या जानेवारीचं पहिलं खोकं तिला एकच वाटतं, आणि मुदत संपलेल्या जुन्या औषधाला नव्याची तारीख चिकटते. पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. तू कितीही तपासलंस तरी हिरवंच. एक जानेवारीला सकाळी सात वाजता पहिली गाडी इस्पितळांकडे निघते. त्याआधी गेल्या वर्षाची यादी हाताने बंद करायची, आणि मगच नवं वर्ष उघडायचं. पायऱ्या मागच्या पानावर लिहिल्या आहेत. दर एक जानेवारीला मी सहालाच ऑफिसात यायचे ती याच्यासाठी. तुला वाटायचं मी पाकिटं मांडायला आणि कॉफीची तयारी करायला येते.

खरं सांगते, हे मी तुला कळवणार नव्हते. गप्प बसले असते तर दोन तारखेला मालक धावत माझ्याकडेच आले असते, आणि ते यावेत असं मला फार वाटत होतं. काकू डोळ्यांत तेल घालून खोकी बघतात, त्यांच्या लक्षात येईल, अशी मी तीन दिवस स्वतःची समजूत घातली. मग काल तुझा खण आवरताना तुझी शंकावही सापडली. आठ वर्षांत तुला आलेली प्रत्येक शंका, तारखेसह, आणि तपासून झाल्यावरच मारलेली बरोबरची खूण. न तपासता तू आपल्या ऑफिसच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नव्हतास. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर लिहिलंयस: वर्ष बदलताना खोक्यांचे क्रमांक एकमेकांवर यायला हवेत, मग एक तारखेला गडबड का होत नाही? त्या एकाच शंकेपुढे तपासणी नाही. नुसतं लिहिलंयस, 'ताई बघत असणार', आणि खूण केलीयस. तेवढी खूण खोटी पाडणं मला जमलं नाही. म्हणून हे पत्र, आणि रिवाजाप्रमाणे तुझा यंदाचा संकल्प, एकच: एक तारखेला सकाळी सहाला ऑफिसात पोच. ताई आता बघत नाही.

येत्या एकतीस डिसेंबरपर्यंत तुझीच,
ताई