बोलता येईल इतपतच

प्रिय रेडिओ,

बाप झालास तरी माझ्यासाठी तू रेडिओच, चिडू नकोस. पत्र बघून दचकला असशील. हल्ली आपण वाढदिवसाला एकमेकांना फुलांचं चित्र पाठवतो आणि त्यावरच भागवतो.

आईची खोली तशीच आहे, फक्त तिथे आता माझे धावायचे बूट वाळतात. कारखान्यात अजून चष्म्याच्या काचाच घासते. आई गेली, मग तूही परगावी राहायला गेलास, तेव्हापासून धावणं मात्र वाढलं. आधी तळ्याला फेरी, मग पुलापर्यंत, मग पुलाच्याही पलीकडे. लोक म्हणायचे, बाईची कमाल आहे! कसली डोंबलाची कमाल? कुलूप उघडल्यावर 'आलीस का' म्हणणारं कोणी नाही, म्हणून मी घरी जायचं टाळत होते. मग संध्याकाळीही धावायला लागले. अंगात ताप असला तरी बूट चढवायचेच.

मागच्या महिन्यात मशीनला टेकून काच हातात धरली तर मशीन भलतंच थरथरतंय असं वाटलं. मेकॅनिकला बोलावून त्याच्यावर डाफरले. त्या बिचाऱ्याने प्लग काढलेला दाखवला. काच बदलायला मीच मशीन बंद केलं होतं. थरथरत होतं ते माझं काळीज! हसलास ना? मीही हसले आणि तिथेच मटकन खाली बसले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण खमक्या. म्हणाल्या, हृदयाला वर्षानुवर्षं सुट्टी दिली नाहीत, तापातही दामटलंत, त्याचे वरचे कप्पे ताणून मोठे झालेत आणि ठोक्यांचा ताल चुकतोय. गोळ्या दिल्यात. आता आवरलं तर सावरेल, नाहीतर आत रक्ताची गुठळी होऊन मेंदूपर्यंत जायची भीती. धावणं सोडायचं नाही, पण अंतर कमी, मधे सुट्टीचे दिवस, ताप असेल तर घरी. आणि वेग एवढाच, की धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की चालायला लागायचं.

तुझी बायको सांगत होती, तूही डोंगरातल्या त्या लांबलचक शर्यतीसाठी सर्दी-तापात पळतोस. गाढवा, आधी हृदय तपासून घे! लहानपणी तळ्याभोवती धावताना तुझं तोंड अखंड चालू असायचं. मास्तरांच्या नकला काय, पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट काय. मी खेकसायचे, गप्प धाव, दम वाचव. तुझ्या त्या बडबडीमुळेच आपण दोघं बेताने धावायचो, हे मला आत्ता कळलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, धावताना बरोबर कोण असतं? मी पटकन म्हटलं, भाऊ असतो, खूप बोलतो. मग काळजी नाही, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी मी एकटीच मोठ्याने बोलून पाहिलं. 'आज हवा छान आहे' एवढं म्हटलं आणि पुढे काही सुचेना. धाप नव्हती लागली रे, ऐकायला कोणी नव्हतं. म्हणून हे पत्र. सकाळी बूट घातलेस की मला फोन लाव आणि कानात अडकव. तू तिथे धाव, मी इथे धावते. काहीही बोल, तोच जुना सिनेमा पुन्हा सांग. गप्प धाव असं मी आता म्हणणार नाही.

फोन कानाशी धरून बसलेली,
तुझीच ताई