मधोमध बांधलेली दोरी

देवबाग, मंगळवार, दिवेलागण

खाऱ्या वाऱ्याने लाकडी खिडकी कुजली. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, सरकती खिडकी त्यातल्या त्यात स्वस्त, आणि मला स्वतःला बसवता येईल अशी. मापं दोनदा घेतली. उद्या दुकानदाराला कळवायचं, तरी मन का लागत नाही?

नव्या खिडकीची मधली उभी पट्टी कुठे येईल ते पाहायला चौकटीत सुंभाची दोरी बांधली आणि बायकोच्या, सुलूच्या, खाटेवर आडवा झालो. दोरी नेमकी खाडीच्या तोंडावर. मापं मी उभ्याने घेतली. कंबर मोडल्यापासून ही मात्र सगळं पडूनच बघते. बिनपट्टीची खिडकी आपल्याला परवडणार नाही. लहानपणी इथेच बसून मी होड्या मोजत कविता पाठ करायचो. आता होड्या ती मोजते. ती दोरी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी तिला सांगितलं. हसली. "शाळेतल्यो कविता अजून पाठ आसत, पण खाट सरकवक सुचूक नाय तुमका?"

हातभर सरकवली. दोरी बाजूला गेली, पण खाटेशेजारी माझी खुर्ची मावेना.

"मगे हयच बसा," म्हणाली, आणि दुखत असतानाही पाय आखडून तिने खाटेवर जागा केली.