जनरल शिफ्ट आणि गच्चीवरची रताळी

माय, तू होतीस तेव्हा तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. एकाच खोलीत राहत होतो, गरजच पडली नाही. आणि लिहिलं असतं तरी तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. हे दुसऱ्या कुणी वाचावं असं नाही. गच्चीवर बसून लिहितोय. उन्हं उतरली आहेत, तुझी सून शाळेतल्या नोकरीवरून यायची आहे, नात लॅबमधल्या कामावरून यायला अजून वेळ आहे. खाली कुकर लावून आलोय. शिट्टी झाली की मला उठावं लागेल, कारण संध्याकाळचा स्वयंपाक आता मीच करतो. माझं काम गेलं, माय. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला वर्षाहून जास्त लागलं.

तू मला पर्मनंट झालेला बघून गेलीस, तेवढं एक बरं झालं. त्या थंडीत रस्त्याकडेला स्वेटरवाले बसले होते, त्यांच्याकडून तू माझ्यासाठी मरून रंगाचा स्वेटर आणलास, रात्रपाळीला लागेल म्हणून. दोन मापं मोठा. मी म्हणालो, हा मला सैल होतो. तू म्हणालीस, "आसू दे, आजून अंगानं भरशील." मी सव्वीस वर्षांचा होतो. त्या कंपनीत मी पोरगा म्हणून गेलो आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर पडलो. वाळूजच्या कारखान्यातली आमची लाइन त्यांनी दुसऱ्या राज्यात हलवली. आम्हाला बोलावून घेतलं, चहा दिला, सही घेतली. कुणी वाकडं बोललं नाही. भांडायला समोर माणूसच नव्हता. घरी आल्यावर तुझ्या सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं लग्न होईपर्यंत बाहेर बोलू नका." मला बरंच वाटलं. तिनं सांगितलं म्हणून गप्प राहिलो असं मी लोकांना आजही म्हणेन, पण ती बोलली नसती तरी मी गप्पच राहिलो असतो.

दिवस जाईना. पडेगावला आम्ही छोटं घर घेतलंय, वर गच्ची आहे. कांद्याच्या टोपलीत राहून गेलेल्या एका रताळ्याला जांभळे कोंब फुटले होते. फेकायला म्हणून उचललं आणि फेकलं नाही. अर्धं पाण्यात बुडेल असं ग्लासात ठेवलं. कोंब वीतभर वाढल्यावर तोडले, परत पाण्यात ठेवले, त्यांना मुळं सुटली. एक फुटका निळा ड्रम मधोमध कापला, रंगाच्या रिकाम्या बादल्या घेतल्या, सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडली. पोयटा माती, शेणखत, थोडी वाळू. पहिल्या खेपेला शेणखत सढळ हातानं घातलं. वेल इतके माजले की कठड्यावरून खाली शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत गेले, शेजारीण कौतुक करून गेली. उकरलं तर खाली नुसत्या दोऱ्यासारख्या मुळ्या. नवरात्रात परत लावले. या वेळी खत कमी, वाळू जास्त. नळाला इथं आठवड्यानं पाणी येतं, म्हणून भाज्या धुतलेलं आणि फिल्टरमधून वाया जाणारं पाणी साठवून घालायचो. रताळ्याला तेवढं पुरतं. सकाळी या दोघी गेल्या की मी वर यायचो. गच्चीचं दार आतून लावून घ्यायचो, कोणी बघू नये म्हणून. कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, धडधाकट माणूस गच्चीवर वेल निरखत बसलेला कोणी बघू नये.

ही विद्या माझी कुठली, तुझीच. तू स्वयंपाकाला होतीस त्या वसतिगृहाच्या भटारखान्यात तेलाचे चौकोनी डबे रिकामे व्हायचे, ते तू मागून आणायचीस. खिळा आणि दगड घेऊन बुडाला भोकं पाडायचीस. आपल्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून रताळ्याच्या डब्यांची रांग होती, आणि त्यातून बाहेर पडलेले वेल तू काठीनं परत आत वळवायचीस, नाहीतर जमिनीला टेकून तिथंही मूळ धरतात म्हणायचीस. अजून दिसतं, मी डब्याशी उकिडवा बसलोय. शाळेतून नुकताच आलोय, दप्तर पाठीवरच आहे. बोटानं माती उकरून बघतोय, लागलं का काही. मागून तुझा हात येतो आणि माझं मनगट धरतो. "रोज रोज उकरून बघतो व्हय रे? तुला कुणी झोपंतून उठवून बघितलं तर वाढशील का तू?" तू रागावली होतीस की हसत होतीस ते आता आठवत नाही. तुझ्या हाताला फोडणीचा वास होता, तो आठवतो.

आणि तो दुसरा दिवस आठवतो. वसतिगृहाचा स्वयंपाक ठेकेदाराकडे गेला. त्यानं आपली माणसं आणली आणि तुम्हा सगळ्या बायांना घरी बसवलं. तू दुपारीच परत आलीस. पदर खोचलास, घागर उचललीस आणि सरकारी नळावर गेलीस. मी तुझ्या मागं होतो. नळावर आपल्या आळीतल्या सगळ्या बाया होत्या. एकीनं विचारलं, "आज लवकर गं?" तू घागर खाली ठेवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोललीस, "काम गेलं माझं. कुठं सैपाकाचं, भांड्याचं आसलं तर सांगा." तुझा आवाज रोजच्यासारखाच होता. जणू मीठ संपलंय म्हणून सांगत होतीस. आठ दिवसांच्या आत तू एका डॉक्टरांच्या घरी पोळ्या करायला लागलीस. तेव्हा मला त्यात विशेष काही दिसलं नाही. आता माझ्याकडे त्या खोलीपेक्षा चांगलं घर आहे, बायकोचा पगार आहे, आणि ते एक वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

माघात नातीला स्थळ आलं. कन्नड तालुक्यातली शेतकरी माणसं, मुलगा पुण्याला नोकरीला. सुनेच्या थोरल्या बहिणीनं जमवलं होतं. दोघं आधी फोनवर बोलले होते, आणि नात फोन ठेवला की उगाच स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघायची, तेव्हाच मला कळलं की तिच्या मनात भरलंय. रविवारी ते लोक आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. मुलाचे वडील माझ्याच वयाचे, उन्हानं रापलेले, खुर्चीत अवघडून बसलेले. पोहे झाले, चहा झाला. मी त्यांच्या थोरल्या मुलाचं विचारलं, ते म्हणाले, कन्नडला दुकान आहे. त्यांनी बोलायचं म्हणून विचारलं, "कंपनीत कोन्त्या पाळीला आसता?" मी म्हणालो, "जनरल शिफ्ट." इतकं सहज, इतकं पटकन. सुनेनं खाली बघितलं. समोर ट्रे घेऊन उभी असलेली नात माझ्याकडे बघत राहिली.

घरात बसून त्यांना करमेना. म्हणाले, "वर गच्ची हाये का? जरा मोकळ्यावर बसू." मी त्यांना वर नेलं. वेल बघून तो माणूस एकदम निराळाच झाला. चपला काढून ड्रमाशी बसला, पानं उलटून बघितली, मातीत बोट घातलं. "पानं पिवळी पडायलीत. काढायला आलंय की हे." मी म्हणालो, शिवरात्रीच्या आधी काढणारच होतो. "मंग आताच बघू की!" दोघांनी मिळून ड्रम आडवा केला. माती घसरत बाहेर आली आणि तिच्यातून रताळी निघाली, माय. मुठीएवढी, मनगटाएवढी, लालबुंद. दोघं हातानं माती झाडत होतो, हसत होतो. काम गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो. त्यांनी एक रताळं धोतराला पुसलं, वास घेतला आणि कौतुकानं म्हणाले, "लई निगुतीनं केलंय तुमी. पर ड्युटी सांभाळून हे सगळं जमतं कसं?"

तिथं थांबायची संधी होती. आम्ही दोघंच होतो, हाताला माती होती, तो माणूस माझ्याशी घरच्यासारखा बोलत होता. त्याला तिथं सांगितलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं, हे मला तेव्हाच कळत होतं. मी म्हणालो, "पहाटे उठतो. कंपनीची बस यायच्या आत सगळं उरकतो." कंपनीची बस! कुणी विचारलीही नव्हती. एवढ्यात नात जिन्याच्या दारात आली होती. तिनं ते ऐकलं. ती पुढं आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काका, बाबा घरीच असतात. त्यांचं काम गेलंय. आमच्या घरी पगार आईचा आणि माझाच आहे."

त्यांनी हातातलं रताळं मातीवर ठेवलं. मग हात झटकले. "आसं व्हय," एवढंच म्हणाले. चपला घातल्या, खाली गेले, सगळ्यांशी नीट बोलले, पाणी प्यायले, निघाले. जाताना मला हात जोडले. दोन दिवसांनी त्याच मेहुणीचा फोन आला. काम गेलं त्याचं त्यांना काही नाही, म्हणाली. पण पहिल्याच भेटीत, आपल्याबरोबर मातीत हात घालून बसलेला माणूस तोंडावर खोटं बोलला, पुढं याचं काय खरं धरायचं, असं त्यांच्या घरात निघालं. सून फोन ठेवून आत गेली. नात म्हणाली, "ठीक आहे, बाबा." त्यानंतर ती डबे उघडून बघायला स्वयंपाकघरात आली नाही.

शिवरात्र झाल्यावर मी पिशवीभर रताळी घेतली आणि घरी न सांगता रस्त्यावर कन्नडची एसटी धरली. चढ लागला, वेरूळ गेलं, तोवर मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. गावात विचारत शेतावर गेलो. ते गव्हाला पाणी देत होते. मला बघून त्यांना नवल वाटलं, पण "या, बसा" म्हणाले. बांधावर बसलो. जुळवलेलं काहीच आठवलं नाही. म्हणालो, "मी खोटं बोललो. पोरीचा दोष नाही. तिनं तर खरं सांगितलं." ते फावडं घेऊन उठले, पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं, परत येऊन बसले.

"तुमाला एक सांगू का?" म्हणाले. "माझा थोरला. त्या दिवशी तुमी इचारलं, काय करतो, तवा मी म्हणलो, कन्नडला दुकान हाये. दुकान बंद हाये त्याचं. दीड-दोन वरसं झाली. दिसभर पडून ऱ्हातो, कुनाशी बोलत नाय. तुमच्याकडं तो आला का? मीच नाय आनला." मी म्हणालो, "मग?" ते म्हणाले, "मंग काय. घरात बायांचं बोलनं होऊन गेलंय. धाकट्याला दुसरीकडली पोर दाखवली, त्यांची पसंती झाली. नायतर तुमची पोर मला आवडली व्हती. कुनी समोर बसलेला आसताना बापाला आसं म्हनायला छाती लागती." त्यांनी पिशवी घेतली. थोरल्याला रताळी लई आवडतात, म्हणाले. मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, एसटी येईस्तोवर उभे राहिले. बसमध्ये जागा मिळाली आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण शेजारी बसलेल्या बाईला माझं तोंड दिसू नये असं वाटत होतं.

त्या मुलाचं लग्न झालं. नात आता दुसऱ्या लॅबमध्ये लागली आहे, गाडीवर जाते येते. नवी स्थळं येतात, तेव्हा तीच आधी फोनवर माझ्याबद्दल सांगून टाकते. माझ्यावर तो भार नको म्हणून. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. ते फार जड जातं, माय. भांडली असती तर मला माफी मागता आली असती. मागच्या आठवड्यात कंपनीतला जुना सोबती भाजी घेताना भेटला, म्हणाला, "सध्या कुठं?" मी म्हणालो, "बघतोय दोन-तीन ठिकाणी." कुठंही बघत नाही. म्हणजे सुधारलो असं काही नाही.

कुकरची शिट्टी झाली. उठायला हवं. हे कुठं पाठवायचं नाही, घडी करून ठेवीन किंवा फाडीन. एक तेवढं राहिलं. त्या दिवशी नात गच्चीवर खरं बोलली, तेव्हा मला लाज वाटली, असंच मी सुनेला सांगितलं आहे आणि ती ते धरून चालली आहे. तसं नव्हतं. लाज नंतर आली, ते लोक फाटकाबाहेर गेल्यावर. त्या क्षणी मला पोरीचा राग आला होता. इतका, की परका माणूस समोर नसता तर माझा हात उठला असता. मातीनं भरलेली मूठ मी वळली होती, आणि तिनं ती बघितली होती.