जांभळीची गाठ

प्रिय तेजल,

आपल्या टेंटांत राहायला या खेपेला पहिल्या आल्या त्या कोमलबाई, पुण्याच्या, कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता रिटायर. सोबत धाकटी बहीण. आणि तुझा बाप लखन नेमका पवनानगरला कोंबडी आणायला गेलेला! मग मीच त्यांना धरणाकाठचा टेंट दिला आणि आपल्या रीतीनं दोरीला गवताची गाठ मारली. तासाभरानं जीपभर पोरं आली. म्हणाली, आजी, हा टेंट आम्ही बुक केलाय. मी म्हटलं, असंल बाबांनो, पण गाठ कुटंय? लखन आला तो माझ्यावरच खेकसला, आये, बुकिंग मोबाईलात असतं, गवतात न्हाई! वर जीप लावायला जागा न्हाई म्हणून पुन्हा तुझ्या जांभळीकडं बघायला लागला. तोडायचीच म्हणतो.

कोमलबाईंना त्या गाठीचं लय नवल. मी सांगितलं, रानात मोहोळ ज्याला आधी दिसलं त्यानं बुंध्याला गाठ बांधायची. मग दुसरा त्या मधाला बोट लावत न्हाई, आणि गाठ सोडायची ती ज्याची त्यानंच. तर म्हणाल्या, अहो आजी, हेच तर बुक करणं! मग चुलीपुढं बसून त्या शब्दाचं कूळच काढलं. फार पूर्वी म्हणे बुक करणं म्हणजे जमीन कुणाच्या नावे लिहून देणं. मग वहीत नाव लिहिणं. तिकीट-बिकीट लय मागनं आलं. पोलीस चोराला बुक करतात, खेळातला पंच दांडगाई करणाऱ्याला बुक करतो, तेही नाव लिहूनच. मी विचारलं, आणि कागदाच्या आधी? तर म्हणाल्या, साहेबाच्या मुलखात बीच नावाचं झाड असतं, त्याच्या फळ्यांवर अक्षरं कोरायचे, त्यावरनं शब्द आला असं काही जाणते म्हणतात. पक्कं कुणालाच ठाऊक न्हाई. म्हंजे बघ, साहेबाचा शब्दही झाडावरनंच उतरलेला! ऐकता ऐकता माझी भाकरी करपली.

सात वर्षांची असताना तू जांभळीला गाठ बांधलीस, ही माझी म्हणून. आठवतं का गं? गवत कुजतं, म्हणून दर दिवाळीला तुझ्या नावानं नवी गाठ मीच बांधते. हे तुला कधी सांगितलं न्हाई. लखन म्हणतो, ती शहरात रमली, आता कुठली येतीय, गाठ सुटल्यातच जमा.

फोनवर बोलले असते, पण बोललेलं वाऱ्यावर जातं. म्हणून दुसरी शिकलेल्या हातानं चार दिवस बसून लिहिलं. ही जमीन माझ्या नावावर आहे, आणि तिच्यातली जांभळ मी, तुझी आजी बाया, तुला बुक केली. लखनला वाचून दाखवलं. तर म्हणाला, गाठ तिची असंल तर तिला समोर येऊन सांगू दे. तोवर कुऱ्हाड लावत न्हाई. तेव्हा हा कागद घेऊन दसऱ्यानंतरच्या शुक्रवारीच ये. साक्षीच्या सह्या करायला त्या दोघी बहिणी परत येतो म्हणाल्यात, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी.

जांभळीखाली वाट बघणारी,
तुझीच आजी