पुढच्या ब्रेकची कबुली

मी, मार्तंड यज्ञेश्वर लघाटे, वय वर्षे ७६, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेला ब्रेक फिटर, राहणार ओरछा गेटच्या आत, झाशी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात दुसरे कोणी राहतच नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचे त्राण नाही.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची मुलगा दिवाकर व मुलगी कांचन यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. विकायचे असेल तर विकावे, मी वरून बघायला येणार नाही. गच्चीवरची टाकी मात्र घासून घ्यावी. तीन वर्षे माझ्याच्याने जिना चढवत नाही.

२. पोस्टातली शिल्लकही तशीच निम्मी. माझी पत्नी कै. अनुसूया हिच्या पाटल्या ग्वाल्हेरला कांचनकडे जाव्यात.

३. अवजारे. पान्यांचा संच, जॅक आणि जाडी मोजायचा व्हर्नियर मला गेटाजवळचा मेकॅनिक जयसिंग याला द्यायचे होते. पण तो या कागदाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, दिलेले टिकत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून आजच सकाळी पेटी त्याच्या दुकानात पोचवली. हे कलम नुसते माहितीसाठी.

४. अनुसूयेचा भाऊ रमाकांत याला मी काहीही ठेवत नाही, त्यामुळे साक्षीदार व्हायला तो अगदी योग्य आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात, दहा माणसांदेखत, त्याने माझ्या मुलाच्या थोबाडीत मारली होती. तो राग मी नऊ वर्षे धरला. खरे तर ती माझ्या थोबाडीत बसायला हवी होती. का ते सहाव्या कलमात लिहिले आहे.

५. गाडी. पांढरी मोटार, सन १९९६ ची, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, ती दिवाकरला द्यावी. गेल्या महिन्यात तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, आणि त्यांना चिमटणारे नवे पॅड बसवले आहेत. डिस्क वरच्या मॉडेलच्या, जाड, मधून हवा खेळणाऱ्या. त्यांना बसतील असे, पॅड दाबणारे कॅलिपरही बदलले. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज मी स्वतः घासला. जयसिंगने हे काम अर्ध्या दिवसात उरकले असते, मला पंधरा दिवस लागले, कारण खाली बसलो की उठवत नाही. नंतर रिकाम्या रस्त्यावर वेग धरायचा, हळूहळू कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही, असे वीस वेळा करून पॅड बसवून घेतले. यापुढे दिवाकरने कधीही एकाच बाजूचा पॅड बदलू नये, आणि डिस्कची जाडी मोजल्याशिवाय पॅड बदलू नये. दुकानदार काहीही म्हणो.

६. आता जे लिहायला हा कागद काढला ते. फेब्रुवारी २००४ मध्ये समथरला मुंज होती. निघायच्या आदल्या दिवशी मी गाडीचे पुढचे पॅड बदलले. डिस्कवर बोट फिरवले तर चरे लागले, कडेला काठ उभा राहिला होता. मोजल्या. डिस्कवरच कोरलेल्या मर्यादेपेक्षा दोन्ही पातळ भरल्या, डावी जास्त. तरी त्याच ठेवल्या. सदतीस वर्षे वॅगनचे ब्रेक केले. तिथे ब्लॉक थेट चाकावर घासतो, झिजला की ब्लॉक बदलायचा. चाकाला सहसा कोणी हात लावत नाही, ते वर्षानुवर्षे चालते. मला वाटले, हेही तसेच. शिकाऊ पोरांना मी ब्रेक शिकवले, मला मोटारीचा मेकॅनिक काय सांगणार. असा माज होता.

परतताना गाडी दिवाकर चालवत होता. म्हैस आडवी आली. त्याने वेळेवर ब्रेक दाबला, मी मागे बसून पाहिले आहे. गाडी थांबली नाही, एका अंगाला ओढली गेली आणि बाभळीवर आदळली. अनुसूया पुढे, त्याच्या शेजारी होती. तिचा खुबा मोडला. दोन वर्षे अंथरुणावर काढून ती गेली.

दवाखान्यात सगळे विचारत होते, झाले कसे. मी म्हणालो, "ब्रेक तर मी कालच नवे बसवले होते." एवढेच म्हणालो. पुढचे लोकांनी आपापले जुळवले, की पोराने वेगात हाणली. मी कोणाला अडवले नाही. दिवाकर प्रेम नगरला भाड्याच्या घरात गेला. आईच्या श्राद्धाला येतो, जेवतो, पान उचलतो आणि जातो. त्याचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. मला लाज वाटते, आणि ती वाहून मी थकलो आहे.

७. सहावे कलम माझ्या तेराव्या दिवशी सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे. रमाकांतने वाचावे.

८. हे कलम सह्यांच्या वेळी वाढवले आहे. रमाकांतने सगळे वाचले, चष्मा पुसला आणि सहीसाठी पेन मागितले. जयसिंगला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्याला हिंदीत सांगितले. तो म्हणाला, "बाबूजी, मरने के बाद सुनाओगे तो भैया जवाब किसको देंगे?" सबब सातवे कलम रद्द. येत्या रविवारी मी स्वतः गाडी घेऊन प्रेम नगरला जाईन आणि दिवाकरला हे वाचून दाखवीन. बाकीची कलमे माझ्या मरणापर्यंत थांबतील.

लिहून देणार : मार्तंड यज्ञेश्वर लघाटे
दोघा साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.
साक्षीदार : १) रमाकांत जगन्नाथ पुराणिक २) जयसिंग यादव
झाशी, ११ नोव्हेंबर २०१३

(खाली, वेगळ्या शाईत)

बाबांनी आज घरी येऊन हे वाचून दाखवलं. मला मराठी लिहायची सवय नाही, गलती झाली तर माफ करा. डिस्क खराब होत्या हे मला अपघाताच्या त्याच हफ्त्यात कळलं होतं, गॅरेजवाल्याने चाक उघडून दाखवलं. मी फक्त आईला सांगितलं. आई म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस की तुला माहीत आहे, ते सहन नाही करू शकणार. तिने शपथ घातली होती, म्हणून मी चुप राहिलो.

दिवाकर मार्तंड लघाटे
प्रेम नगर, १७ नोव्हेंबर २०१३