पाटीवरचं नाव

नदीकाठचा मुक्काम, सातवा महिना, तृतीया

ती. लानझूताईस यौशुनचा सा. न.

दोन वर्षं पत्र नाही म्हणून शिव्या दिल्या असशील. त्या पोचल्या. सध्या एका ताओ गुरूंचा ढोल वाहतो. इथल्या लोणच्यातल्या मिरच्या म्हणजे… जाऊ दे. उन्हात बसूनही हाडं गार पडतात. भाताला चव नाही. नावाडी शेजारच्याला हाक मारतो, मला नाही. काल सकाळी उशाशी निळा कोट सापडला, डावी बाही बोटभर लांब. कुणाचा, कुणी सांगेना.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
यौशुन

दशमी

चि. यौशुन, अनेक आशीर्वाद.

तो कोट मी कापला, मेलेल्यांसाठी जाळतात तसला, निळ्या कागदाचा. बाही चुकली तेव्हा दादा म्हणाला, मेलेल्याला काय कळतंय. तुझी खबर नाही म्हणून त्याने देव्हाऱ्यातल्या, दिवंगत बाबांच्या नावाच्या पाटीपुढे लाकडी ठोकळ्यांची जोडी टाकून कौल विचारला, यौशुन जित्यांच्या यांगमध्ये आहे का? तीनदा दोन्ही ठोकळे गोल बाजू वर करून पडले. यिन, म्हणजे मेलेल्यांची बाजू. मग बाबांशेजारी तुझ्या नावाची पाटी बसली, कोट जाळला.

तुझं पत्र दाखवलं, तर म्हणतो, मेल्यावरही याचं अक्षर सुधारलं नाही. पाटी काढ म्हटलं, तर कन्फ्यूशियसची पोथी पुढे. यांग वर, यिन खाली. थोरल्याने मांडलेलं बाईने हलवायचं नाही.

गुरूंना विचार. जपून राहा, एवढंच मागणं.
ताई

अठरावी तिथी

ती. ताई, सा. न.

गुरू हसले. म्हणाले, तुझा दादा यिन-यांग म्हणजे शाळेतले बाक समजतो. डोंगराची उन्हातली बाजू सावलीत सरकते, तसा माणूसही सरकतो. घरचेच मेला म्हणून धूप घालतात, तेव्हा लवकर. या महिन्यात पितरांच्या लोकाचं दार उघडं असतं, महिनाअखेर ते मिटेल. तोवर नाव पाटीवर राहिलं, तर मी आतच. पण नुसतं पुसूही नकोस म्हणे, मांडलेली जागा रिकामी राहत नाही.

ताई, आयुष्यभर पळालो, पण असं नाही गं जायचं. आज ओढ्यात तोंड धुतलं. पाणी हललंच नाही.

माया असू दे.
यौशुन

अठ्ठाविसावी तिथी

चि. यौशुन, उदंड आयुष्य.

दादा शाळेत शिकवायला गेल्यावर पाटी उतरवली. तुझं नाव खरवडलं आणि माझं लिहिलं. आता भात गोड लागत असेल, पोटभर जेव. माझी काळजी नको. ऊन छान पडलंय, फक्त अंगाला लागत नाही. दुपारी दादा मला घरभर हाका मारत फिरला. मी त्याच्यासमोरच भाजी निवडत होते.

तू लवकर ये. तुला तरी मी दिसते का, बघायचंय.

तुझीच,
ताई